तिसरा खड्डा

शाळेच्या निरोप समारंभात मुलं दरवर्षी विचारतात, सर, तुम्ही कुणामुळे शिकलात? मी शिवलिंगआप्पांचं नाव सांगतो. ते खोटं नाही. बोरीजवळच्या त्यांच्या मोसंबीच्या बागेत माझे वडील, आबा, राखणीला होते. आम्ही त्या बागेतल्याच पत्र्याच्या खोलीत राहायचो. दहावीनंतर मला परभणीला ठेवलं ते आप्पांनी. त्यांच्या भावाच्या दुकानावरची खोलीही त्यांनीच मिळवून दिली. आमच्या घरात पदवी घेणारा मी पहिला, आणि त्यात आप्पांचा मोठा वाटा आहे. पण ज्या माणसाचे उपकार माझ्यावर सगळ्यात जास्त आहेत, त्याचं नाव मी कुठल्याच समारंभात घेतलेलं नाही. ते नाव सुमन. माझी थोरली बहीण, सुमनअक्का.

यंदाच्या वैशाखात तिची आठवण एका खड्ड्यातून वर आली.

परभणीतल्या आमच्या घरामागे पंधरा बाय वीस फुटांची जागा उरली आहे. इतकी वर्षं तिथे मोडकी खुर्ची, उरलेल्या फरश्या आणि वाळूचा ढीग पडून होता. या उन्हाळ्यात वैशालीनं, म्हणजे माझ्या बायकोनं, ठरवलं की तिथे फरशी घालायची नाही, फळझाडं लावायची. जागा मोजली, भिंतीची सावली पाहिली, पाण्याची टाकी कुठे ते पाहिलं. तीन झाडं बसतील असं निघालं. तीन खड्डे खणले आणि पावसाळ्यापर्यंत तसेच उघडे ठेवले. खड्डे उन्हात तापले पाहिजेत, म्हणजे मातीतली कीड मरते, हे मला फोनवर अक्कानंच सांगितलं.

दुपारी शाळेला सुट्टी, गल्ली निपचित. मी मागच्या दारात बसून त्या खड्ड्यांकडे बघत राहतो. काळ्या मातीची ढेकळं वाळून हलकी झालेली असतात. त्यांचा एक वास येतो, भाजलेला, थोडा गोडसर, जुन्या मडक्यासारखा. डोळे मिटले की हा वास मला परभणीतून उचलतो आणि बोरीच्या त्या बागेत नेऊन ठेवतो. तिथेही वैशाखच असतो. तिथेही झाडं पाण्याची वाट बघत असतात.

कोणती झाडं लावायची याचा विचार करणं हे झाडं लावण्याहून सुखाचं असतं, असं मला आता वाटायला लागलं आहे. अजून काहीच लावलेलं नसतं, त्यामुळे सगळंच लावलेलं असतं. पंधरा बाय वीस फुटांत मी मनातल्या मनात जांभूळ लावलं, कवठ लावलं, आंब्याची दोन झाडं लावून त्यांना झोका बांधला. वैशालीचं मात्र एकच म्हणणं होतं, लिंबू. "शेजारी लिंबू मागायला जायची मला लाज वाटते. आता त्यांनी आपल्याकडं यावं."

मी अक्काला फोन लावला. ती ताडकळसला असते. तिच्या नवऱ्याचं, आमच्या दाजींचं, तिथे मोटारसायकल दुरुस्तीचं दुकान आहे.

"जांभूळ लावू का गं?"

"लाव की. पन आधी घर काढ तिथलं."

"आणि लिंबू?"

"लिंबू चांगलं. पन जायच्यायायच्या वाटंवर लावू नको, काटे लागत्यात. आन् वैशालीला सांग, धुन्याचं पानी त्याच्या बुडाला सोडू नको म्हनावं. बुडाला सारखी ओल राहिली की डिंक गळतो. भिंतीकडं सीताफळ घाल. त्याला लाड लागत न्हाईत."

"आणि तिसऱ्या खड्ड्यात?"

"सकाळचं ऊन येतंय का तिथं?"

"दहापर्यंत येतं. मग टाकीची सावली, आणि तीननंतर परत ऊन."

"माती मुठीत धरून बघितलीस? गोळा व्हतोय का भुगा?"

मी फोन कानाला लावून खड्ड्यात उतरलो, खालची माती मुठीत दाबली. गोळा झाला, पण बोटानं ढकलला की फुटला.

"बरी हाय मग जागा," ती म्हणाली. "तुमाला आवडंल ते लावा."

"तुला काय वाटतं? तुझ्या मनात काय आहे?"

ती हसली. "माझ्या मनाला काय विचारायलास, येड्या. मनात काय झाडं उगवत्यात व्हय? ठेव आता, दाजी जेवायला आलेत."

दोन झाडांचं तिनं बोट धरून सांगितलं. तिसऱ्याचं विचारलं की प्रत्येक वेळी दाजी जेवायला येतात.

बोरीच्या त्या बागेत मोसंबीची झाडं ओळीनं होती, मध्ये विहीर, आणि शेवटच्या ओळीपलीकडे बाभळीचं कुंपण. सकाळी आप्पा विहिरीच्या काठावर बसून हाताच्या तळव्यावर लिंग घेऊन पूजा करायचे. कपाळावर भस्माचे तीन आडवे पट्टे. पूजा झाल्याशिवाय ते झाडाला हात लावत नसत, आणि झाडांना हात लावल्याशिवाय जेवत नसत.

विहिरीच्या सावलीत जंबेरीची रोपं होती. जंबेरी म्हणजे काटेरी, रानटी लिंबाची एक जात. तिचं फळ कुणी आवडीनं खात नाही, पण मूळ चिवट. तिच्या खोडावर उभा-आडवा काप घेऊन, साल अलगद उचलून, आत मोसंबीच्या फांदीवरचा एक डोळा, म्हणजे कोंब, सरकवायचा आणि पट्टीनं बांधायचा. डोळा जगला की वरचं जंबेरीचं खोड छाटायचं. मूळ एकाचं, फळ दुसऱ्याचं. आप्पा याला डोळा भरणं म्हणायचे. त्यांच्या हाताला कंप सुटायला लागला तेव्हा त्यांनी हे काम अक्काला शिकवलं. ती तेव्हा दहावी होऊन घरी बसली होती. लाकडी मुठीचा एक छोटा चाकू आप्पांनी तिला दिला होता. तो ती कमरेला खोचून बागभर फिरायची. साल उचलताना तिची जीभ दातांत यायची आणि श्वास थांबायचा. मी शेजारी उकिडवा बसून बघायचो. बघता बघता माझाही श्वास थांबायचा.

"पोरीनं भरलेला डोळा वाया जात न्हाई," आप्पा आबांना म्हणायचे. "पावसाळ्यात मी रोपवाटिका काढनार हाय. कलमाचं सगळं सुमन बघंल. लगनाची घाई करू नका."

हे ऐकताना अक्का मान वर करत नसे. पण तिचे कान लाल व्हायचे, ते मी पाहिलं आहे.

मी ज्या वर्षी दहावीची परीक्षा दिली, त्या वर्षीचा तो उन्हाळा. मोसंबीचा मृग बहार धरायचा असेल तर उन्हाळ्यात बागेचं पाणी तोडतात. याला ताण देणं म्हणतात. विहिरीत पाणी असतं, पण द्यायचं नाही. झाडं आधी मलूल होतात, मग पानं द्रोणासारखी वळतात, काही गळतात. बघणाऱ्याला वाटतं, गेली बाग. मग मृग लागला, पाणी मिळालं, की झाड एकदम फुलतं. मधेच पाणी मिळालं तर मात्र झाड फुलायचं विसरतं आणि पालवी काढत बसतं. हे बागेतल्या शेंबड्या पोरालाही ठाऊक असतं. मलाही ठाऊक होतं.

पण मी नुकताच जीवशास्त्राचा पेपर देऊन आलो होतो. पानं, मुळं, पाणी, बाष्प, सगळं आकृतीसह पाठ होतं. निकाल यायचा होता आणि मला वाटत होतं, आप्पा म्हातारे झालेत, आबा अडाणी आहेत, झाडं खरोखर मरताहेत आणि हे कळणारा इथे मी एकटा आहे. त्या दिवशी आप्पा आणि आबा जिंतूरला गेले होते. दुपारी लाईट आली. मी मोटर चालू केली आणि पाटातलं पाणी बाभळीकडच्या ओळीला सोडलं. अकरा झाडं.

आज इतक्या वर्षांनीही सांगतो, तसा आनंद मला नंतर क्वचितच झाला. भेगाळलेल्या मातीत पाणी शिरताना बुडबुड आवाज यायचा, कुणी घटाघटा प्यावं तसा. मातीचा वास अंगावर धावून आला. एका आळ्यातून दुसऱ्या आळ्यात पाणी जात होतं, वर ऊन हलत होतं, कुठूनसे होले येऊन काठावर बसले. मी पायजमा गुडघ्यापर्यंत ओला करून त्या अकरा झाडांचा देव झालो होतो.

अक्का रोपांमधून धावत आली. तिनं आधी मोटर बंद केली, मग माझ्याकडे पाहिलं.

"काय केलंस रं बापू!"

"झाडं मरायलीत अक्का."

"मरायली न्हाईत," ती म्हणाली. "ती फुलायचं मनावर घ्यायलीत. तू त्यांना मधीच उठवलंस."

दिवस मावळायच्या आत आप्पा परतले. त्या ओळीच्या टोकाशी उभे राहिले. ओली आळी काळीभोर दिसत होती.

"पानी कुनी सोडलं?"

मी तोंड उघडलं होतं, एवढं मला नक्की आठवतं. आवाज मात्र अक्काचा आला.

"मी सोडलं, आप्पा."

"तू?"

"झाडाकडं बघवंना."

आप्पा रागावले असते तर बरं झालं असतं. त्यांनी वाकून आळ्यातली ओली माती चिमटीत घेतली. मग म्हणाले, "दुसऱ्या कुनी सोडलं असतं तर मी समजलो असतो. तुला म्या हातानं शिकवलं." चिमटीतली माती खाली टाकून म्हणाले, "उद्यापासून रोपांकडं येऊ नको."

अक्कानं कमरेचा चाकू काढला, पदरानं पुसला आणि विहिरीच्या काठावर ठेवला.

दुसऱ्या दिवशी सकाळी ती धुणं धूत होती. मी जवळ गेलो तर मान वर न करता बोलली, "तू काई बोलू नको. तुझं परभनीचं ठरलंय. आप्पाचं मन फिरलं तर तू बी हितंच राहशील. माझं काय, लगीन तर व्हायचंच हाय." आणि मग माझ्या पायजम्यावरच्या वाळलेल्या चिखलाकडे बोट करून हसली, "हा धुवायला टाक आधी, चोरा. पुरावा फिरवायलास गावभर."

मी बोललो नाही. त्या दिवशी बोललो नाही, निकालाच्या दिवशी आप्पांनी पेढे वाटले तेव्हा बोललो नाही. मृग लागला आणि बाग फुलली. पांढरी, जाड पाकळ्यांची, वेड्यासारखी फुलली. त्या वासानं दुपारी डोकं जड व्हायचं, मधमाश्यांचा आवाज खोलीच्या पत्र्यापर्यंत यायचा. फक्त बाभळीकडची एक ओळ हिरवीगार होती. कोवळी, तुकतुकीत पालवी, सगळ्या बागेत सगळ्यात सुंदर, आणि एक फूल नाही. मी परभणीच्या एसटीत बसलो तेव्हा गाडी बागेच्या कडेनं गेली. खिडकीतून मला ती ओळ दिसली. अक्का कुंपणाशी उभी राहून हात हलवत होती.

त्या पावसाळ्यात रोपवाटिका निघाली नाही. पुढच्या उन्हाळ्यात अक्काचं ताडकळसला लग्न झालं.

माझ्यासारखी माणसं भाषणात सांगतात, कष्टानं आम्हाला घडवलं. मीही सांगितलं आहे. एकदा तर मी मुलांना ताणाचं उदाहरण दिलं, की झाड जसं तहानेनं फुलतं तसं माणूस गरिबीनं फुलतो. टाळ्या मिळाल्या. घरी येताना मला माझीच लाज वाटली. ताण देणारा माणूस झाडाकडे रोज बघत असतो, आणि पाणी कधी सोडायचं हे त्याला ठाऊक असतं. अक्काकडे कोण बघत होतं? तिचं पाणी तुटलं ते तुटलंच, आणि मी त्या वेळी परभणीच्या वाचनालयात पंख्याखाली बसलो होतो.

तिथून मी तिला आंतरदेशीय पत्रं लिहायचो. ती उत्तरात विचारायची, कॉलेजात झाडं कोणती हायत, मोहर कसा हाय. मी पानं भरभरून लिहायचो. त्या एकाही पत्रात मी ती दुपार लिहिली नाही.

गेल्या श्रावणात राखीला ताडकळसला गेलो होतो. बाजाराचा दिवस होता. मी आणि अक्का भाजी घेऊन येत होतो. वाटेत एकजण टेम्पोतून रोपं विकत होता. अक्का थांबली. खाली वाकून एका रोपाचं खोड तिनं दोन बोटांत धरलं.

"ही कशाची रं?"

"मोसंबी हाय मावशी, कलमी. न्या."

"ह्यातली कोनती फूट मोसंबीची?"

"सगळीच की."

"डोळा हितं भरलाय. ही फूट त्याच्या खालून आलीय. काटे बघ केवढाले. ही जंबेरी हाय. तुझा डोळा कवाच मेला, आन् तू लोकायला जंबेरी इकायलास मोसंबी म्हनून? पाच वर्सांनी फळं खाऊन तुला शिव्या घालतेल की."

भोवती चार माणसं जमली, हसली. तो पोरगा आधी चिडला, मग ओशाळला. "मावशी, तुमी नर्सरीवाल्या हायत का?"

अक्काचे कान लाल झाले. तिनं रोप खाली ठेवलं आणि हाताची माती झटकली.

"न्हाई," ती म्हणाली. "मी घरीच असते."

वाटेत तिनं मला वांग्यांविषयी काहीतरी सांगितलं. मी ऐकत नव्हतो. मला तिच्या घराच्या पायरीवरचे रंगाचे रिकामे डबे दिसत होते. त्यांत कढीपत्ता, ओवा, एक वाळका मोगरा. ताडकळसच्या त्या घराला अंगण नाही.

आणखी एक गोष्ट आहे, ती सांगितल्याशिवाय हे लिहिणं पुरं होणार नाही. आप्पा जाण्याआधी मी त्यांना भेटायला बोरीला गेलो होतो. बाग तेव्हा निम्मीच राहिली होती. आप्पा बाजेवर होते. त्यांनी उशाखालून एक फडक्याची पुरचुंडी काढली. आत तो लाकडी मुठीचा चाकू होता.

"तुझ्या बहिनीचा हाय. तिला दे. तसा हात परत मिळाला न्हाई." चाकू माझ्या हातात ठेवत म्हणाले, "म्या तवा लय कडक वागलो."

मी तेव्हाही तोंड उघडलं होतं. तेवढ्यात त्यांना खोकला आला आणि मी पाण्याचा तांब्या पुढे केला. एवढंच केलं. चाकू घेऊन परभणीला आलो आणि कपाटात, सर्टिफिकेटांच्या फाईलीमागे ठेवला. अक्काला दिला असता तर आप्पा काय म्हणाले ते सांगावं लागलं असतं. ते सांगितलं असतं तर आप्पांना मी काय सांगितलं नाही, तेही सांगावं लागलं असतं.

या वैशाखात खड्डे तापत होते आणि मी रोज दुपारी दारात बसत होतो. एकदा वैशालीनं विचारलं, "तिसऱ्याचं ठरलं का?" तेव्हा मी तिला सगळं सांगितलं. लग्नाला इतकी वर्षं झाली, पहिल्यांदाच. तिनं ऐकून घेतलं. मग म्हणाली, "मला काय सांगताय? मला माहीत असून काय उपयोग? त्यांना सांगा." फोनवर अक्का बोलू देत नाही, म्हणून मी कागद घेतला. हा लेख तुमच्या हातात येईल तेव्हा ते पत्र तिला मिळून बरेच दिवस झालेले असतील. लिहिलं ते असं:

प्रिय सुमनअक्का,

नमस्कार. इकडे सगळे बरे आहेत. तू म्हणालीस तसं लिंबू वाटेपासून दूर धरलं आहे. सीताफळ भिंतीकडे. धुण्याचं पाणी वैशालीनं दुसरीकडे वळवलं.

आप्पांच्या बागेत बाभळीकडच्या ओळीला पाणी मी सोडलं होतं. हे तुला माहीत आहे. पण मी ते कधी कुणापुढे म्हटलं नाही, आणि तुझ्यापुढेही नाही. म्हणून लिहून देतो. पाणी मी सोडलं. तू नाही. तुझी रोपं माझ्यामुळे सुटली. मी तेव्हा घाबरलो होतो, आणि नंतर घाबरायचं काही कारण उरलं नाही तरी गप्पच राहिलो. हे पत्र दाजींना दाखव, मुलांना दाखव. तुझ्या हातून चूक झाली होती असं त्यांच्यापैकी कुणी मानत असेल तर त्यांनी माझ्याकडे यावं.

सोबतच्या पुरचुंडीत तुझा चाकू आहे. आप्पांनी जाण्याआधी तुझ्यासाठी दिला होता. तसा हात परत मिळाला नाही असं म्हणाले. आपण तेव्हा फार कडक वागलो, असंही म्हणाले. मी त्यांनाही खरं सांगितलं नाही. त्याची माफी आता कुणाकडे मागायची मला कळत नाही, म्हणून तुझ्याकडेच मागतो. चाकू इतकी वर्षं माझ्या कपाटात पडून होता. मी त्याला धार लावलेली नाही. ती तू तुझ्या हातानं लाव.

तिसरा खड्डा तुझा आहे. त्यात काय लावायचं ते तू ठरव. मोसंबी म्हणालीस तर जंबेरी आणून ठेवतो, डोळा तू येऊन भर. दुसरं काही म्हणालीस तर ते. काहीच नको म्हणालीस तर तेही चालेल, पण ते तुझं म्हणणं असू दे. दाजी जेवायला आलेत असं सांगू नकोस.

तुझं उत्तर येईपर्यंत खड्डा तसाच राहील. आभाळातून येईल ते येईल. मी त्यात पाणी घातलेलं नाही.

तुझा,
बापू